उणे २०३६ अंश

घणसोली, १४ जून

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन महिना झाला. एवढे दिवस महाप्याहून घरी येताना डोक्यात एकच आकडा घोळत होता, त्यामुळे उत्तर राहून गेलं. परवा तो सुटला, म्हणून आधी तुलाच लिहितोय.

आमचं उपकरण तुला माहीत आहेच. आंब्याच्या रीफर, म्हणजे थंडगार ठेवणाऱ्या, गाडीत बसवायचं, दर दहा सेकंदांनी तापमान घ्यायचं आणि मिनिटाला एकदा एसडी कार्डावर लिहायचं. गाडी वाशीच्या मार्केटात पोचली की वाटेत माल किती तापला ते कार्ड लावून पाहता येतं. हापूस १३ अंशांच्या आसपास ठेवतात. फार गार झाला तर साल डागाळते, फळ धड पिकत नाही. नोंद चुकली तर नुकसान कुणाच्या माथी मारायचं यावरून भांडणं होणार, आणि त्यात बहुतेक वेळा मरतो तो बागायतदार किंवा ड्रायव्हर. म्हणून मला हे काम मनापासून नीट करायचं होतं.

कार्डाचा कोड तयार मिळाला होता. मायक्रोकंट्रोलर तोच, बोर्ड दुसरा. वर फॅटएफएस, म्हणजे कार्डावर फाइली लिहिणारी तयार लायब्ररी. त्याला खालून मोजकीच फंक्शनं लागतात: कार्ड सुरू कर, स्थिती सांग, वाच, लिही आणि एक किरकोळ कामांचं. मला वाटलं, पिना बदलल्या की झालं. पण आमच्या स्लॉटचा कार्ड-डिटेक्ट स्विच (कार्ड आत आहे का ते सांगणारा) उलटा निघाला. मग ठोके देणारा क्रिस्टल वेगळा असल्याने कार्डाचं सुरुवातीचं क्लॉक, म्हणजे ठोक्यांचा वेग, ४०० किलोहर्ट्झच्या मर्यादेवर जात होतं, तेही खाली आणलं. फाइल उघडली, आकडे उमटले, आणि त्या संध्याकाळी सगळ्यांना वडापाव दिले.

दुसऱ्या दिवशी नोंदी पाहिल्या. १२, १२, १२.२५, १२, आणि मध्येच उणे २०३६. पुढे पुन्हा १२.

दोष थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या वायरच्या) चिपचाच, असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. दोन चिपा बदलल्या, वायर बदलली, सोल्डर पुन्हा मारलं. फरक शून्य. मग एका रात्री त्या चुकीच्या आकड्यांची वहीत वजाबाकी करत बसलो. १२ चे उणे २०३६, १३ चे उणे २०३५. फरक दर वेळी नेमका २०४८. तापमानाचे चौदा बिट, एक पायरी पाव अंशाची, म्हणजे सर्वांत वरच्या, चिन्हाच्या बिटाचं (तो १ झाला की आकडा उणे होतो) वजन बरोबर २०४८ अंश! बाकीचे तेरा बिट खरं सांगत होते, पहिला एकटा खोटं बोलत होता. आणि वेळा पाहिल्या, तर प्रत्येक खोटी नोंद कार्डावर लिहून झाल्यानंतरची पहिली.

कार्ड आणि चिप एकाच एसपीआय बसवर, म्हणजे मायक्रोकंट्रोलरशी बोलायच्या सामायिक तारांवर, आहेत. स्कोप लावला, म्हणजे लाइनवरचा व्होल्टेज पडद्यावर पाहिला. कार्डाचं चिप सिलेक्ट (कुणी बोलायचं ते ठरवणारी तार) वर गेलं, म्हणजे कार्डाची पाळी संपली, तरी कार्ड डेटाची लाइन सोडत नव्हतं. एसडी कार्ड ती लाइन क्लॉकच्या ठोक्यावर सोडतं. ठोकाच मिळाला नाही तर धरूनच बसतं. आमची चिप मात्र निवडल्या निवडल्या, कमांडची वाट न पाहता, पहिला बिट लाइनवर ठेवते. तापमान शून्याच्या वर, म्हणून तो बिट शून्य: चिप लाइन खाली ओढते, कार्ड वर ढकलतं. पडद्यावर ती लाइन दीड व्होल्टच्या आसपास अडकलेली दिसली, ना वर ना खाली. पहिला ठोका पडला की कार्ड हात काढून घेतं, पण तोवर पहिला बिट वाचून झालेला असतो.

उपाय एका ओळीचा. कार्ड सोडल्यावर, चिप सिलेक्ट वर असतानाच, एक रिकामा बाइट पाठवायचा, म्हणजे आठ ठोके. मूळ कोडमध्ये तो नव्हता, कारण त्या बोर्डावर बसवर कार्ड एकटंच होतं. लिहिणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही. त्याला शेजारीच नव्हता. हे कुठल्याही कॉमेंटमध्ये लिहिलेलं नसतं रे, आणि पोर्ट करताना, म्हणजे एका बोर्डाचा कोड दुसऱ्यावर नेताना, नेमकं तेच शोधावं लागतं. मी आमच्या कोडमध्ये त्या ओळीवर चार ओळींची कॉमेंट लिहिली आहे, मराठीत.

तीन दिवस बोर्ड सलग चालू आहे, एकही उणे आकडा नाही. तरी रिकाम्या बाइटवर सगळी भिस्त ठेवायला मन धजत नाही. लिहितानाच कुणी कार्ड उपसून पुन्हा घातलं तर? पुढच्या बोर्डात कार्डाच्या डेटा लाइनवर ट्राय-स्टेट बफर (पाळी नसेल तेव्हा लाइन तोडून ठेवणारा) घालावा, की चिपला वेगळी एसपीआयच द्यावी? पिना दोनच उरल्यात. लेआउटची प्रत सोबत पाठवतोय. तुझी लाल पेन्सिल चालव आणि पावसाने गाड्या बंद नसतील तेव्हा ये, स्कोपवर दाखवतो.

तुझाच,
घणसोलीकर