शुल्क माफ झाले, बुडालेल्या रोजाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वंचितांसाठी मूलभूत शिक्षणाची किंवा कौशल्य प्रशिक्षणाची सरकारी योजना जाहीर होते, तेव्हा तिच्या जाहिरातीत ‘पूर्णतः मोफत’ हे शब्द हमखास असतात. शुल्कमाफी हवीच, पण ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याला वर्गात बसण्यासाठी शुल्कापेक्षा कितीतरी जास्त मोजावे लागते. त्याचा रोज बुडतो, येण्याजाण्याचे भाडे खिशातून जाते आणि स्त्रियांच्या बाबतीत तर घरी लहान मूल कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न सुटल्याशिवाय उंबराही ओलांडता येत नाही. या खर्चाची तरतूद नसली की सर्वांत गरजू माणूसच आधी वर्ग सोडतो आणि अहवालात मात्र त्याच्या निरुत्साहाला दोष दिला जातो. हा त्याच्यावर उघड अन्याय आहे.

ज्या सरकारांनी हा भार उचलला, त्यांचे अनुभव पाहण्यासारखे आहेत. मेक्सिकोने १९९७ मध्ये गरीब कुटुंबांतील मुले नियमित शाळेत जावीत या अटीवर त्यांच्या आईच्या हाती रोख रक्कम देणे सुरू केले आणि माध्यमिक वर्गांतील मुलींसाठी ती जास्त ठेवली, कारण त्या टप्प्यावर मुलींची शाळा आधी सुटत असे. बांगलादेशाने १९९४ पासून ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांतल्या मुलींना विद्यावेतन दिले. त्यासाठी ७५ टक्के हजेरीची, तसेच शालेय शिक्षण होईपर्यंत लग्न न करण्याची अट होती. माध्यमिक शाळांतील मुलींची संख्या तेथे पुढील काळात मोठ्या प्रमाणावर वाढली.

प्रौढांच्या बाबतीत मला केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्याच्या साक्षरता मोहिमेतील एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. १९९० मध्ये संपूर्ण साक्षर म्हणून घोषित झालेल्या या जिल्ह्यात स्वयंसेवक शिकवायला बसले, तेव्हा अनेक वयस्कर मंडळींना पाटीवरचे अक्षरच नीट दिसत नसल्याचे आढळले. मग नेत्रतपासणी झाली आणि लोकांकडून हजारो चष्मे गोळा करून वाटण्यात आले. साक्षरतेच्या आराखड्यात चष्म्याला जागा असावी, हे कार्यालयात बसून सहसा सुचत नाही. शिकणाऱ्याच्या शेजारी बसल्यावर ते लगेच कळते.

जगात आजही ७० कोटींहून अधिक प्रौढांना लिहिता-वाचता येत नाही आणि त्यांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. त्यांच्यासाठी योजना आखताना प्रशिक्षणार्थींना निर्वाह भत्ता द्यावा आणि तो दर आठवड्याला द्यावा. प्रमाणपत्र मिळाल्यानंतर एकरकमी दिलेला भत्ता उसनवारी करून दिवस काढणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. वर्गाची वेळ कामाची वेळ पाहून ठरवावी, केंद्राला लागून पाळणाघर असावे आणि आजारपणामुळे किंवा हंगामी कामामुळे ज्याचे शिक्षण मध्येच थांबले त्याला सोडले तेथूनच पुढे शिकू द्यावे, पुन्हा पहिल्या धड्यापासून नव्हे. योजनेचा हिशेब मांडताना किती जणांनी नाव नोंदवले एवढेच न सांगता, किती जण शेवटपर्यंत टिकले आणि ज्यांनी वर्ग सोडला त्यांनी तो का सोडला, हेही शासनाने दर वर्षी जाहीर करावे.

आपला,
एक नियमित वाचक