खाऱ्या टाक्यांची पावसाळी काळजी: सभासदांसाठी सूचना

समुद्री मासे आणि प्रवाळ घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळणाऱ्या सर्व सभासदांना नमस्कार.

पाऊस लागला आहे. मिरामार, दोनापावला इथून समुद्राचं पाणी आणून टाकीत घालणं आता बंद करा. मांडवी-जुवारीचं गोडं पाणी या दिवसांत मुखापर्यंत उतरतं. खारटपणाबरोबर अल्कलिनिटी (आम्ल पचवून पीएच टिकवण्याची पाण्याची ताकद), कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळंच घटतं, वर गाळ येतो तो वेगळाच. आरओच्या पाण्यात टाकीसाठीचं समुद्री मीठ पूर्ण विरघळवून, खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) भरल्यावरच पाणी बदला.

प्रवाळ पाळणाऱ्यांनी अल्कलिनिटी आठवड्यातून दोनदा तरी, ठरल्या वेळी तपासावी. ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचं एकक) उत्तम, पण त्याहून मोलाचं म्हणजे आकडा स्थिर राहणं. कमी भरली तर दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका.

दारं-खिडक्या बंद राहिल्या की खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. अल्कलिनिटी मात्र तेवढीच असते. तेव्हा नुसता पीएच पाहून बफर (अल्कलिनिटी वाढवणारं रसायन) ओतू नका. आधी खिडकी उघडा.

बफर आणि कॅल्शियम एकदम घातलं तर पाणी दुधाळ होतं, हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर पांढरी खरखरीत पुटं चढतात. दोन्हींत पुरेसं अंतर ठेवा. तरीही पुटं धरत असतील तर मॅग्नेशियम तपासा, १२५० ते १३५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) हवं.

वीज जाऊन आली की डोसिंग पंपाचा (ही द्रव्यं ठरल्या वेळी टाकीत सोडणाऱ्या पंपाचा) टायमर बघायला विसरू नका.

शंका विचारताना खारटपणा, अल्कलिनिटी आणि कॅल्शियमचे आकडे सोबत द्या. नुसत्या फोटोवरून सल्ला देता येत नाही.