काकी, तुझ्याकडून मला एक नकाशा हवाय

लंडन, ८ जून

प्रिय काकी,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर काकांनी पुन्हा तेच विचारलं, "एवढं लांब जाऊन शिकतीयास, मग डॉक्टर होणार की नाही?" नाही होणार, असं त्यांना एकदाचं सांगून टाक. एका गल्लीत घरटी माणूस जुलाबानं आडवा पडतो आणि पलीकडच्या गल्लीत कुणाला काही होत नाही, ते का, हे आम्ही शिकतो. काकांना पटायचं नाही. आज्जीला पटेल, तिला पटकीच्या (कॉलऱ्याच्या) गोष्टी तोंडपाठ आहेत.

आमच्या लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या इमारतीचा फोटो पाठवलेला बघ, गॅलऱ्यांवर सोनेरी डास, पिसवा, उंदीर बसवलेत ती. इथून थोडं चाललं की सोहो लागतं. तिथं रस्त्यावर एक बिनदांड्याचा हातपंप उभा केलाय. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस त्या वस्तीत पटकी फुटली आणि ६०० च्या वर माणसं गेली. रोग घाणेरड्या हवेतून येतो असं तेव्हाचे बहुतेक डॉक्टर म्हणायचे. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरचा संशय पाण्यावर होता. कोण मेलं आणि ते पाणी कुठलं प्यायचं, हे त्यानं घरोघरी विचारलं, आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढायला लावला. साथ तोवर ओसरायला लागली होती, बरीचशी वस्ती पळालेली, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. (पंपाजवळ त्याच्या नावाचा पब आहे. माणूस दारूबंदीवाला!)

मला मात्र यातली न आजारी पडलेली माणसं जास्त आवडतात. पंपाशेजारी बिअरचा कारखाना होता. तिथले कामगार वाचले, कारण त्यांना प्यायला बिअरच मिळायची. जवळच्या अनाथ-गरिबांच्या वसतिगृहात पाचशेवर माणसं होती, त्यातली पाचच दगावली. त्यांची विहीर वेगळी. उलट लांब हॅम्पस्टेडला एक म्हातारी मेली, कारण तिला याच पंपाच्या पाण्याची चव आवडायची आणि ती ते मुद्दाम मागवून घ्यायची.

तरी पाणी नासलं कशानं, हे स्नोला सापडलं नव्हतं. ते काढलं व्हाइटहेड नावाच्या तिथल्या तरुण पाद्र्यानं. खरं तर तो स्नोला खोटं पाडायला निघाला होता. पंपासमोरच्या ४० नंबरच्या घरात एक तान्हं बाळ जुलाबानं गेलं होतं. आईनं त्याच्या लंगोटांचं पाणी घरापुढच्या मैल्याच्या टाकीत ओतलं, टाकीच्या विटा खिळखिळ्या झालेल्या, आणि विहीर तिथून तीनेक फुटांवर. वर्गात स्नोवर सगळं व्याख्यान झालं, पाद्र्याच्या वाट्याला एक स्लाइड. मला ते काही पटलं नाही. बाळाचे लंगोट कुठं धुतले, हे कुठली बाई परक्या माणसाला सांगेल? पाद्र्याला सांगितलं, कारण तो त्या घरांत रोजचा होता. तू गावची आशा, तुलाही म्हणूनच सांगतात.

तू बाळंतिणीकडं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातेस, बाळाचं वजन घेतेस, ताप बघतेस, मिनिटाला श्वास ६० किंवा वर गेला की दवाखान्यात हलवतेस. याची मुळं डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामात आहेत. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले, तो निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आमच्या वाचनाच्या यादीत तो आहे. गडचिरोलीचं नाव त्या यादीत बघून मी खुर्चीत ताठ बसले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांना पुरस्कार दिला, तेही मी वर्गात सांगितलं. शेजारच्या नायजेरियन मुलीनं विचारलं, पगार किती? म्हटलं, पगार नाही, त्यांना स्वयंसेविका म्हणतात, मानधन आणि कामागणिक मोबदला. ती म्हणाली, "म्हणजे पगाराऐवजी पुरस्कार?" मला उत्तर सुचलं नाही.

आता कामाचं. माझा प्रबंध पुरानंतरच्या पिण्याच्या पाण्यावर आहे. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडली, टाकीवर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन आहे का ते बघायची) पिवळी आली, की आपण निर्धास्त होतो. पण पाणी दिवसाआड तासभर सुटतं. बाकीचा वेळ पाइप रिकामा, आणि जिथं फुटलेला असेल तिथून गटाराचं पाणी आत ओढून घेतो. क्लोरिन वाटेतच खर्ची पडतं. म्हणून ओटी शेवटच्या नळाला बघायला हवी. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, आठवतंय ना? हिपॅटायटिस ई पाण्यातूनच पसरतो, आणि गरोदर बाईच्या जिवावर बेततो.

तर मला गावाचा हातानं काढलेला नकाशा हवाय. टाकी, व्हॉल्व्हचे खड्डे, पाइप गटारातून जातो त्या जागा, प्रत्येक लाइनचा शेवटचा नळ. पाइपलाइनची चर काकांच्या देखत मारलीय, त्यांनाच काढायला बसव. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर जुलाबाचे पेशंट कुठल्या गल्लीत होते, आणि कुठं एकही नव्हता, हे तुझ्या वहीत असणार. ते मात्र आत्ता पाठवू नकोस. इथल्या समितीची आणि तिकडची, दोन्ही परवानग्या हातात आल्या की सांगते. तेव्हाही नावं नकोत, गल्ली आणि तारीख पुरे.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशाऱ्याला लागलं की म्हशी हलवा, ४३ च्या धोक्याच्या पातळीची वाट बघत बसू नका. पाण्यात टाकायच्या मेडिक्लोरच्या (क्लोरिनच्या) बाटल्या आत्ताच मागून ठेव, आणि आज्जीच्या गोळ्या महिनाभराच्या आणून वरच्या फडताळात ठेव.

तुझी,
राणी