दोरा आणि अ‍ॅक्सल

नाशिक,
६ जानेवारी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

उंदराच्या सापळ्यावर चालणाऱ्या तुझ्या गाडीचे फोटो मिळाले. ती दोन मीटर जाते, डावीकडे वळते आणि झटका खाऊन थांबते, असं लिहिलंस. उंदराचा सापळा बदलू नकोस. सापळ्याची स्प्रिंग काठी पुढे पाडते, काठी दोरा ओढते आणि दोरा मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांची सळई, फिरवतो. स्प्रिंगमध्ये भरपूर दम आहे, तो अ‍ॅक्सल आणि दोऱ्यात वाया जातोय.

आधी दोरा सोड. गाडी उलटी धरून मागच्या चाकाला टिचकी मार. आठ-दहा सेकंद तरी फिरायला हवं. लगेच थांबलं तर वॉशर फ्रेमला घासतोय, नाहीतर सळई वाकलीय. सळई काचेवर लोटून बघ, वाकडी असेल तर टकटक उडते. ठोकत बसू नकोस, ४ मिमीची विणकामाची सुई घे. तिकडे नाही मिळाली तर मी मेन रोडवरून आणून पाठवतो. अ‍ॅक्सल ज्यात फिरतो ती तुझी स्ट्रॉ फारच ढगळ आहे. दोऱ्याचा ताण आला की तिच्यात अ‍ॅक्सल तिरका होतो आणि गाडी वळते. ५ मिमी भोकाची नळी लाव. आत तेल नको, धूळ चिकटते. पेन्सिलच्या शिसाची पूड घाल.

दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर डाव्या-उजव्या बाजूला मोज. गाडी १२ सेंमी रुंद आणि ३० सेंमी लांब धरली, तर नुसत्या १ मिमी फरकाने १५ मीटरमध्ये ती तीनेक मीटर बाजूला जाते.

आता दोरा, कारण तो झटका त्याचाच आहे. तू एकाच जागी वेढ्यावर वेढे दिलेस. ताण आला की वरचा वेढा खालच्यांत रुततो आणि सुटत नाही. शिवाय टोकाला गाठ मारलीयस. तिने दोरा संपल्यावर उलटा गुंडाळला जातो आणि ब्रेक लागतो. गाठ काढ. अ‍ॅक्सलवर केबल टाय घट्ट आवळ, ५ मिमी शेपूट राखून बाकीची काप आणि फेव्हिक्विकचा थेंब दे. दोऱ्याच्या टोकाला सैल फास कर आणि त्या शेपटीत नुसता अडकव. शेवटी तो आपोआप निसटतो आणि गाडी मोकळी पळते. काठी पुढे पूर्ण पडलेली असताना फास शेपटीपासून १ सेंमी अलीकडेच राहील, एवढीच दोऱ्याची लांबी ठेव.

दोरा न ताणणारा हवा. चपला शिवायचा मेणाचा दोरा उत्तम, तंगूस (नायलॉनचा दोरा) ताणते आणि घसरते. संक्रांतीला येवल्यात आसारीवर (पतंगाच्या फिरकीवर) मांजा भरतात तसा ताण धरून, पण एकाच थरात, वेढ्याला वेढा लावून गुंडाळ. २५ सेंमीची काठी साधारण ५० सेंमी दोरा ओढते, म्हणजे ४ मिमीवर ४० वेढे. सीडीचं चाक एका फेऱ्यात ३७.७ सेंमी जातं, म्हणजे ४० फेऱ्यांत १५ मीटर. ०.५ मिमीच्या दोऱ्याला २ सेंमी जागा लागेल, म्हणून शेपूट मधोमध नको, १ सेंमी बाजूला ठेव.

चाक जागेवरच फिरलं तर सीडीच्या कडेवर फुग्याची पट्टी चढव. अ‍ॅक्सल फिरूनही चाक स्थिर राहिलं तर १५ मिमीचं भोक दोन वॉशर आणि एम-सीलने भर.

वेढे किती बसले ते मोजून कळव. तिसाच्या आत असतील तर दोरा नाहीतर काठी तोकडी आहे.

तुझा,
मिलिंद