युद्धविरोधी कामगार चळवळ केवळ १९१४ च्या अपयशाने मोजू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पहिल्या महायुद्धावरील आपल्या पुरवणीतील लेखात, १९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपातील कामगारांचा आंतरराष्ट्रीय बंधुभाव पाहता पाहता विरून गेला, असे म्हटले आहे. हे खरे आहे. परंतु त्याआधीच्या काही दशकांची लष्करशाहीविरोधी चळवळ या एका वाक्याआड दडून जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ही चळवळ शांतता परिषदांतून उभी राहिलेली नव्हती. १ मे १८९१ रोजी उत्तर फ्रान्समधील फूर्मी या कापडगिरण्यांच्या गावात सैनिकांनी मोर्चावर गोळीबार केला आणि नऊ जण ठार झाले. त्यांत बहुतेक कोवळ्या वयाची मुलेमुली होती. सक्तीच्या भरतीमुळे बंदूक धरणारा शिपाई पुष्कळदा स्वतःच कामगाराचा मुलगा असे. त्यामुळे बराकीत गेलेल्या तरुणाशी नाते तुटू न देणे हे संघटनांना आपले काम वाटू लागले. फ्रेंच कामगार संघटना सैन्यात गेलेल्या आपल्या सभासदांना 'शिपायाचा पैसा' या निधीतून छोटी रक्कम पाठवीत. तो पैसा किरकोळ असला, तरी त्यामागची जाणीव मला फार मोलाची वाटते.

विचारांच्या पातळीवर सर्वांत चिकाटीने झगडला तो हॉलंडचा डोमेला न्यूवेनहाउस. आधी धर्मोपदेशक, मग समाजवादी आणि पुढे अराज्यवादी (राज्यसंस्थाच नको मानणारा) झालेल्या या गृहस्थाने १८९१ साली ब्रुसेल्सच्या आणि १८९३ साली झुरिकच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत, युद्ध पुकारले जाताच कामगारांनी सार्वत्रिक संप करावा, असा आग्रह धरला. दोन्ही वेळा तो फेटाळला गेला. झुरिकमध्ये रशियन मार्क्सवादी प्लेखानॉव्हचा आक्षेप असा होता की, अशा संपाने सुधारलेली राष्ट्रे निःशस्त्र होतील आणि पश्चिम युरोप रशियन कोसॅकांच्या, म्हणजे झारच्या घोडदळाच्या, हाती पडेल. एकवीस वर्षांनी, ४ ऑगस्ट १९१४ रोजी, जर्मन समाजवाद्यांनी युद्धखर्चाला मंजुरी देताना याच रशियन संकटाचा आधार घेतला. म्हणजे १९१४ ची पडझड अचानक झाली नाही. तिच्या समर्थनाची भाषा परिषदांच्या व्यासपीठावर केव्हाच तयार झालेली होती. १९०४ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये न्यूवेनहाउस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळी आंतरराष्ट्रीय लष्करशाहीविरोधी संघटना स्थापन केली, तिचे घोषवाक्य होते : 'एकही माणूस नाही, एकही पैसा नाही.'

प्रत्यक्ष प्रतिकारही घडला, आणि तो नेहमी संघटनांच्या सांगण्यावरून घडला असे नाही. जून १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्समधील द्राक्षबागायतदारांच्या उठावात, नार्बोन येथील गोळीबाराची बातमी कळताच सतराव्या पायदळ पलटणीतील सुमारे पाचशे सैनिक बंड करून बेझिए या शहराकडे चालत गेले. ते बहुतेक त्याच मुलखातले होते. जुलै १९०९ मध्ये मोरोक्कोच्या युद्धासाठी राखीव सैनिकांना बोलावताच बार्सिलोनात सार्वत्रिक संप झाला आणि रस्त्यांवर अडथळे उभे राहिले. स्पेनमध्ये पैसे भरून लष्करी सेवा टाळण्याची सोय श्रीमंतांना होती, हे लक्षात घेतले म्हणजे तो संताप समजतो. या उठावाचा सूत्रधार ठरवून शिक्षणतज्ज्ञ फ्रान्सिस्को फेरेरला ऑक्टोबरमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. इटलीतील जून १९१४ च्या 'लाल सप्ताह' या उठावाची ठिणगीही आंकोना येथील लष्करशाहीविरोधी सभेनंतरच्या गोळीबारानेच पडली.

या चळवळीतले सर्वच जण शेवटपर्यंत टिकले असे मी म्हणणार नाही. लष्कराविरुद्ध लिहून तुरुंगात गेलेला फ्रेंच समाजवादी गुस्ताव्ह एर्वे १९१४ मध्ये कट्टर देशभक्त झाला. अराज्यवादी विचारवंत क्रोपोत्किननेही दोस्त राष्ट्रांची बाजू घेतली, हे अधिक क्लेशदायक आहे. परंतु फेब्रुवारी १९१५ मध्ये मालातेस्ता, एमा गोल्डमन, न्यूवेनहाउस आणि इतर अराज्यवाद्यांनी युद्धात गुंतलेल्या दोन्ही बाजूंना नाकारणारे पत्रक लंडनहून काढले. आपल्या लेखमालेच्या पुढील भागात या पत्रकाला आणि त्यावर सह्या करणाऱ्यांना जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक