हरला म्हणजे मनाने कच्चा, हे ठरवलं कुणी?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरातलं क्रीडा पान मी सगळ्यात आधी उघडतो म्हणून हे लिहितोय. हल्ली कुठलीही मोठी मॅच झाली की दुसऱ्या दिवशी कारण तयारच असतं, जिंकला तो मनाने खंबीर आणि हरला तो प्रेशरखाली ढेपाळला. पण खंबीर होता कशावरून, तर जिंकला यावरून, आणि जिंकला का, तर खंबीर होता म्हणून. यात खेळाडूच्या मनात काय चाललं होतं ते कुणी तपासलंच नाही.

क्रीडा मानसशास्त्राची सुरुवातच मुळात असल्या घाईला आवर घालण्यातून झालीय. नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अमेरिकन संशोधकाने सायकल शर्यतींची रेकॉर्ड्स चाळली तेव्हा त्याला दिसलं की एकट्याने सायकल मारणाऱ्यापेक्षा सोबत कुणी असलं की वेग जास्त येतो. चुरशीने अंगात जोर येतो असं लिहून तो मोकळा झाला असता, पण पुढच्या सायकलमुळे वारा अडतो म्हणूनही वेग वाढत असेल ही शक्यता त्याने विचारात घेतली, आणि मग मुलांना खोलीत बसवून मासे धरायच्या गळाची रीळ गरागरा फिरवायला लावली, कधी एकट्याने, कधी शेजारी दुसरं मूल तेच करत असताना. खोलीत वाऱ्याचा प्रश्नच नाही. १८९८ साली त्याने हे छापलं, आणि ४० मुलांपैकी २० जणांचा वेग वाढला, १० जणांचा उलट कमी झाला आणि १० जणांवर विशेष परिणाम नाही हेसुद्धा लिहिलं. मला त्या मागे पडलेल्या १० मुलांचं फार वाटतं, कारण आपल्या पेपरांनी त्यांना तेव्हाच कमकुवत ठरवलं असतं. आणि गंमत नाही, २००५ साली हेच आकडे आजच्या संख्याशास्त्राने पुन्हा तपासले तर फरक जेमतेमच निघाला, म्हणजे इतका गाजलेला प्रयोगसुद्धा फेरतपासणीतून सुटत नाही.

दुसरं म्हणजे कोरिलेशन, म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसणं, त्यावरून एकीमुळे दुसरी घडली असं ठरत नाही. विल्यम मॉर्गन नावाच्या क्रीडा मानसशास्त्रज्ञाने मूड मोजायची प्रश्नावली वापरून दाखवलं की यशस्वी खेळाडूंमध्ये उत्साह सरासरीच्या वर आणि ताण, उदासी, राग, थकवा, गोंधळ सरासरीच्या खाली असतो. वाचायला छान वाटतं, पण उत्साह होता म्हणून यश आलं की सतत यश मिळतंय म्हणून उत्साह आहे, हे एकदा प्रश्नावली भरून घेऊन कळत नाही, त्यासाठी तेच खेळाडू सीझनभर पुन्हा पुन्हा मोजावे लागतात किंवा दोन गट करून एकाला ट्रेनिंग द्यावं लागतं आणि दुसऱ्याला नाही. आणि मॅच संपल्यावर विचारलेलं तर अजूनच कच्चं, हरलेल्या माणसाला आधी कसं वाटत होतं विचारलं तर त्याची आठवणसुद्धा निकालाच्या रंगाने रंगलेली असते.

अजून एक, घाबरणं म्हणजे सगळं एकच नसतं. काही जण स्वभावानेच काळजी करणारे, काहींना त्या दिवशीच धडधडतं, आणि धडधड वाढली की खेळ बिघडतोच असंही नाही, कुणाचा बेस्ट खेळ तेव्हाच होतो.

म्हणून विनंती आहे साहेब, ध्यान केल्याने किंवा व्हिज्युअलायझेशनने, म्हणजे खेळ मनात डोळ्यांसमोर आणल्याने, परफॉर्मन्स वाढतो असं छापाल तेव्हा किती खेळाडू होते, कधी मोजलं, तुलनेला दुसरा गट होता का, एवढं तरी दोन ओळींत द्या. आणि १६-१७ वर्षांच्या पोरांच्या नावापुढे मेंटली वीक लिहिणं बंद करा, फायनल हरलेलं पोर दुसऱ्या दिवशी ते वाचतं, त्याचा कोच वाचतो, निवड करणारेही वाचतात. त्याऐवजी सरळ लिहा की शेवटच्या सेटमध्ये त्याच्या सर्व्हिस चुकल्या, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

आपला,
एक नियमित वाचक