टेकडीवर पेव्हर ब्लॉक नकोत, आधी पाण्याला वाट द्या

प्रति,
माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
(प्रत: आयुक्त, पुणे महानगरपालिका)

विषय: वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजई आणि सिंहगड परिसरातील पायवाटांची बांधणी व देखभाल

महोदय,

टेकडीवरच्या वाटेसाठी निधी आला की अंदाजपत्रकात बहुधा पहिली ओळ पेव्हर ब्लॉकची असते, दुसरी रेलिंगची आणि तिसरी दिव्यांची. पाण्याच्या निचऱ्याची ओळ नसतेच, किंवा ‘इतर किरकोळ कामे’ या सदरात दबलेली असते. हा क्रम उलटा करावा, एवढीच आमची मागणी आहे. टेकडीवरची वाट पायांनी बिघडते त्याहून कितीतरी जास्त पाण्याने बिघडते.

वेताळ टेकडी पुणे शहरातली सर्वांत उंच. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर, म्हणजे शहराच्या सपाटीपेक्षा २४० मीटरच्या आसपास वर. इथला सगळा खडक दख्खनचा बेसॉल्ट, थरावर थर बसलेला: टणक काळ्या दगडाचा कडा, त्याखाली झिजून भुसभुशीत झालेला मुरूम, मग पुन्हा कडा. वरची माती अनेक ठिकाणी वीतभरही नाही. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा मोठा नाही, पण वळवाच्या आणि परतीच्या सरी तासा-दोन तासांत कोसळतात. त्यातही वळवाच्या वेळी गवत उगवलेले नसते, माती उघडी असते आणि वर्षभराच्या चालण्याने वाट दगडासारखी घट्ट झालेली असते. ती पाणी पीत नाही, वाहून नेते.

हिशेब साधा आहे. दीड मीटर रुंद आणि १०० मीटर लांब वाटेचे क्षेत्रफळ १५० चौरस मीटर. तासात २० मिलिमीटर पाऊस पडला तर फक्त वाटेच्या अंगावर ३,००० लिटर पाणी पडते. वरच्या उतारावरून येणारे वेगळे. हे सगळे वाटेवरूनच १०० मीटर खाली धावले की आधी माती जाते, मग बारीक मुरूम, आणि चौथ्या-पाचव्या पावसाळ्यानंतर वाटेच्या जागी गुडघाभर ओघळ उरते. माणसे ओघळीत पाय घालत नाहीत, बाजूने चालतात. शेजारी दुसरी वाट पडते, मग तिसरी. गोखलेनगरच्या किंवा कोथरूडच्या बाजूने चढताना समांतर जाणाऱ्या अशा तीन-चार वाटा कुणालाही दिसतील. लोकांना शिस्त नाही म्हणून त्या पडतात असे नाही. मूळ वाट चालण्याजोगी राहिली नाही म्हणून पडतात.

तेच पाणी दर १२ मीटरला वाटेबाहेर काढले तर एका टप्प्यात गोळा होते ३६० लिटर. त्याला वेग येत नाही आणि ते मुरूम उचलत नाही. पायवाट बांधण्याची सगळी विद्या म्हणजे या दोन आकड्यांमधला फरक.

आता हे करायचे कसे ते.

पहिली गोष्ट आखणीची. वाट उताराला सरळ छेदून वर चढता कामा नये, तिने टेकडीच्या अंगावरून तिरके जावे. सोपा नियम असा की टेकडीचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ कमी हवा. उतार ३० टक्के असेल तर वाट १५ टक्क्यांच्या आत. निम्म्याहून जास्त झाला की पाणी वाट ओलांडून दरीकडे जात नाही, वाटेलाच धरून खाली येते. सरासरी चढ १० टक्के ठेवला, म्हणजे १० मीटर चालीला १ मीटर चढ, तर साठीच्या माणसालाही दम न लागता जाता येते. आपल्या टेकड्या थरांमुळे पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत. टणक थराच्या वरच्या अंगाला जी नैसर्गिक पट्टी मिळते तिच्यावरून वाट नेली की खोदाई जवळजवळ लागत नाही. गुराख्यांच्या जुन्या वाटा नेमक्या तिथूनच जातात. नव्या आखणीआधी त्या नकाशावर उतरवून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट वाटेच्या कलाची. रुंदी १.२ मीटर पुरे. समोरासमोर आलेली दोन माणसे थोडी अंग चोरून जातात आणि वेळ पडली तर स्ट्रेचरही जाते. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला मीटरमागे ५ सेंटिमीटर कललेला हवा. पण हा कल फार टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे. माणसे मधोमध चालतात, मधला भाग दबतो, दरीकडच्या कडेला मातीचा बारीक वरंबा तयार होतो आणि वाटेची पन्हळ होते. म्हणून नुसत्या कलावर भिस्त ठेवू नये. दर १० ते १५ मीटरवर वाटेनेच किंचित खाली उतरून पुन्हा वर चढावे, अशी दोन-तीन पावलांची लांबट, उथळ खळगी करावी. चालणाऱ्याला ती जाणवतही नाही, पाण्याला मात्र तिथून बाहेर पडावेच लागते.

चढ जास्त असलेल्या जुन्या वाटेवर अशी खळगी करता येत नाही. तिथे आडवे दगड बसवावे लागतात आणि चुका बहुतेक इथेच होतात. दगड वाटेला काटकोनात बसवला की पाणी त्याच्यामागे साचते, गाळ भरतो आणि पुढच्या सरीत पाणी दगडावरून उडी मारून पायथ्याशी खड्डा करते. दगड ३० ते ४५ अंशांत तिरका हवा, त्याचा दोन तृतीयांश भाग जमिनीत पुरलेला हवा आणि दोन्ही टोके वाटेच्या कडेबाहेर निदान वीतभर गेलेली हवीत, नाहीतर पाणी टोकाला वळसा घालते. जिथे पाणी बाहेर पडते तिथे हाताएवढ्या दगडांची पसरण हवी. ती नसली तर वाट वाचते पण खालच्या उतारावर नवी ओघळ सुरू होते.

पायऱ्या शेवटचा उपाय म्हणून, आणि केल्याच तर उंची १५ सेंटिमीटर, पाऊल ठेवायची जागा ४० सेंटिमीटर. पर्वतीच्या १०३ पायऱ्या म्हातारी माणसे आजही रोज चढतात ते त्या रुंद आणि बेताच्या उंचीच्या आहेत म्हणून. टेकडीवर बऱ्याचदा २५ सेंटिमीटर उंचीची सिमेंटची पायरी होते. उतरताना गुडघा बोलतो, माणूस कडेने उतरतो आणि कडेला पुन्हा ओघळ.

आता पेव्हर ब्लॉकविषयी. सपाट पदपथावर तो ठीक आहे. उतारावर सांध्यांतून पाणी खाली शिरते आणि ज्या कचेच्या थरावर ब्लॉक बसवलेले असतात तीच धुऊन नेते. ब्लॉक खचतात, कडेचा कर्ब (ब्लॉक धरून ठेवणारी काठाची रांग) सुटतो. कर्ब टिकलाच तर आणखी वाईट: तो पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि वाटेचे गटार होते. जुलैत वर शेवाळ येते, उन्हाळ्यात तळवे भाजतात. धावणारे आणि गुडघेदुखीवाले दोघेही शेजारच्या मातीवर उतरतात, म्हणजे खर्च करून आपण एक निकामी वाट आणि एक नवी उघडी वाट अशा दोन वाटा मिळवतो. तरीही ब्लॉकच का बसतात, याचे कारण आम्हाला सरळ वाटते. ब्लॉक चौरस मीटरने मोजता येतो, एमबीत (कामाच्या मोजमाप वहीत) लिहिता येतो, फोटोत दिसतो. वाटेला दिलेली दोन पावलांची खळगी फोटोत दिसत नाही. तिचे काम चांगले झाले असेल तर ती दिसूच नये.

कडक पृष्ठभागाची गरज एका ठिकाणी खरी आहे, ती म्हणजे चाकाच्या खुर्चीवरून येणारे आणि काठी टेकत चालणारे लोक. त्यांच्यासाठी तळजईच्या पठारासारख्या सपाट जागी दीड मीटर रुंदीचा एक पट्टा वेगळा करावा: चढ २० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त नाही, दर ३० मीटरला टेकायला जागा, पृष्ठभाग दगडाची कच आणि मुरूम पाणी मारून रोलरने दाबलेला. असा एक किलोमीटर नीट केलेला पट्टा सगळीकडे अर्धवट केलेल्या कामापेक्षा उपयोगी.

जास्तीच्या वाटा बंद करताना फलक लावून भागत नाही. ‘येथून जाऊ नये’ या पाटीच्या मागूनच वाट सुरू होते, हा सर्वांचा अनुभव आहे. दोन्ही टोकांचे पहिले पाच मीटर नजरेआड करावे लागतात. टिकावाने घट्ट माती मोकळी करावी, आडवे दगड रचावेत, वर बोरी-बाभळीचे काटे टाकावेत आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी त्याच टेकडीवरून नोव्हेंबरात गोळा केलेले कुसळी, पवन्या या गवतांचे बी पसरावे. दोन पावसाळ्यांत जागा भरते. दगड मात्र टेकडीच्या अंगावरून उपटू नयेत. त्याखाली विंचवापासून पालीपर्यंत बरेच संसार असतात आणि उपटलेल्या जागी धूप सुरू होते. शहरात इमारतींच्या पायासाठी रोज काळा दगड निघतो, तो मागवावा. दगडाच्या नावाखाली राडारोडा येणार नाही, एवढी नजर प्रवेशद्वारावर हवी.

५ जूनच्या वृक्षारोपणाबद्दल थोडेच. या टेकड्यांचा उघडा माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, ते गवताळ रान आहे. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या झाडाची दाट लागवड जिथे झाली तिथे खाली गवत उरले नाही, आणि गवत नसलेल्या उतारावर वाट लवकर फुटते. निदान वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन मीटरमध्ये खड्डे किंवा समतल चर खोदू नयेत. वाटेला छेदणारा चर भरून वाहिला की पाणी वाटेवरच येते.

वणव्याचा हंगाम खात्याच्या कागदावर १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. पुण्याच्या टेकड्यांवर गवत नोव्हेंबरअखेर वाळते आणि थंडीतच पेटते. जाळरेषांचे (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांचे) काम फेब्रुवारीत संपवणे इथे उशिराचे ठरते. मुख्य वाटांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर गवत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कापून उचलले (जाळून नव्हे) तर वाट हीच जाळरेषा होते. यामुळे कायद्याची अडचणही सुटते: १९८० च्या वनसंरक्षण कायद्यात जाळरेषा आणि सीमाखुणा यांसारखी कामे केंद्राची पूर्वपरवानगी लागणाऱ्या वनेतर वापरात मोडत नाहीत. आम्ही सुचवतो त्यात सिमेंट नाही, झाडतोड नाही.

हरवलेल्या किंवा पाय मुरगळलेल्या माणसाला फोनवर ‘मी कुठे आहे’ हे सांगता येत नाही. ‘खाणीच्या वर, झाडाजवळ’ यावरून कुणी पोचत नाही. मुख्य वाटांवर दर २०० मीटरला गुडघ्याएवढा घडीव दगड रोवावा आणि त्यावर क्रमांक कोरावा. पत्र्याच्या पाट्या चोरीला जातात, फायबरच्या दोन उन्हाळ्यांत पांढऱ्या पडतात. क्रमांकांची अक्षांश-रेखांशांसह यादी ११२ च्या नियंत्रण कक्षाला, अग्निशमन दलाला आणि वन विभागाच्या १९२६ या मदतवाहिनीला द्यावी. ही यादी पोचली नाही तर दगड नुसती शोभा. कात्रज–सिंहगड वाटेवर, जिथे लोक रात्री चांदण्यात टेकड्यांमागून टेकड्या चढतात, तिथे या दगडांची गरज शहरापेक्षा जास्त आहे, कारण तिथे प्रत्येक माथा अंधारात सारखाच दिसतो. दिवे मात्र फक्त प्रवेशद्वारांशी असावेत, माथ्यावर नकोत.

सर्वांत महत्त्वाचे काम सर्वांत स्वस्त आहे, आणि म्हणूनच बहुधा होत नाही. बांधकाम खात्यात मैलकुली असत. ठरावीक लांबीचा रस्ता त्यांच्या ताब्यात असे आणि साचलेल्या पाण्याला ते फावड्याच्या एका रेघेने वाट करून देत. टेकड्यांना तसे वाटकरी द्यावेत. आमच्या अंदाजाने १० किलोमीटर वाटेला चार माणसे पुरतील. हत्यारे म्हणजे पहार, टिकाव, फावडे, घमेले, विळा. वर्षाचे वेळापत्रक असे: मेअखेर सर्व खळग्या आणि दगडांमागचा गाळ काढणे, पहिल्या मोठ्या सरीनंतर लगेच एक फेरी, ऑगस्टमध्ये दुसरी, ऑक्टोबरात दरीकडचा वरंबा कापणे, नोव्हेंबरात गवत. गाळ न काढलेली खळगी एका पावसाळ्यात सपाट होते, मग ती बांधायला लागलेले पैसे वाया. म्हणून देखभालीची किमान पाच वर्षांची तरतूद नसेल तर नव्या कामाला मंजुरी देऊ नये. माणसे पायथ्याच्या वस्त्यांमधून घेता येतील, संयुक्त वन व्यवस्थापनाची चौकट त्यासाठी आहेच.

वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित बालभारती–पौड फाटा रस्त्याबद्दल या पत्रात मुद्दाम काही लिहिलेले नाही. आमचे मत विरोधाचे आहे, पण तो वेगळा विषय आहे आणि त्याच्या धुरळ्यात पायवाटा नेहमी हरवतात. एक मुद्दा मात्र दोन्हीकडे सारखा: टेकडीचा काही भाग वनखात्याचा, काही महापालिकेचा, काही खासगी. वाट या हद्दी मानत नाही, पाणीही मानत नाही. वरच्या हद्दीतून सुटलेले पाणी खालच्या हद्दीतली वाट फोडते आणि दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात. आपण आणि आयुक्तांनी मिळून प्रत्येक टेकडीसाठी एकच अधिकारी जबाबदार धरणारा आदेश काढावा.

सुरुवात एका किलोमीटरपासून करावी. पाषाणकडच्या पंचवटीच्या बाजूने वेताळ टेकडीच्या माथ्याकडे जाणारी वाट त्यासाठी योग्य आहे, कारण तिथे कडा, मुरूम आणि माती तिन्ही भेटतात. आणि पाहणी उन्हाळ्यात ठेवू नये. कोरडी वाट काहीच सांगत नाही. जूनमध्ये जोराची सर सुरू असतानाच यावे, सोबत अंदाजपत्रक करणारे अभियंते असावेत, आणि पाणी वाटेवर कुठे येते आणि कुठे सोडते त्या जागांवर तिथल्या तिथे चुन्याऐवजी खुंट्या ठोकाव्यात, चुना धुऊन जातो.

आपले,
पुण्याच्या टेकड्यांवर चालणारे आणि वाटांची डागडुजी करणारे नागरिक